आधी वही, मग मोर्चा : पूर्व नागपूरच्या एका प्रभागातलं प्रकरण

हे प्रकरण जानेवारी २०२६ मधल्या नागपूर महापालिकेच्या निवडणुकीभोवती घडलं. पूर्व नागपुरातल्या एका प्रभागात दिव्यांग आणि त्यांच्या घरचे असे पंधरा-वीस जण अधूनमधून एकत्र बसतात. संस्था नोंदवलेली नाही, बॅनर नाही, अध्यक्ष नाही. बसायची जागा म्हणजे एका टेलरचं दुकान, कारण त्या गल्लीत पायरी नसलेलं तेवढं एकच दुकान आहे. गटाचे अर्ज आणि निवेदनं मी लिहून देतो, त्यामुळे सगळे कागद माझ्याकडे असतात. माणसांची, शाळेची नावं आणि प्रभागाचा क्रमांक मुद्दामच दिलेला नाही. त्यामागचं कारण पुढे येईल, कारण या प्रकरणातला सगळ्यात मोठा वाद त्यावरूनच झाला.

फळी आणि टेप

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. आमच्या भागातलं केंद्र एका शाळेत होतं. रॅम्प होता, म्हणजे व्हरांड्याच्या कडेला एक फळी टेकवलेली होती. टेलरभाऊंच्या पायात लहानपणापासून कॅलिपर. ते फळीपाशी आले, थांबले, गळ्यातला टेप काढला आणि खाली बसून माप घेतलं. व्हरांडा जमिनीपासून १८ इंच वर. फळी ६ फुटांची. उताराचा नियम १ ला १२, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. १८ इंचांना १८ फूट हवेत. “याच्यावरून पोतं चढवतेत, माणूस नाही,” असं म्हणून त्यांनी टेप परत गळ्यात अडकवला आणि व्हरांड्याचा खांब धरून बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले.

व्हीलचेअरही होती, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात. किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. गटातल्या एका मुलीला स्नायूंचा आजार आहे. तिची स्वतःची चेअर जड आहे, फळीवर चढेना. शेवटी दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पोरांनी मिळून तिला चेअरसकट उचललं आणि आत नेलं. फोटोही काढला. “मी मतदान केलं का माझी वरात काढली?” हे तिचं वाक्य पुढचं वर्षभर प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी म्हणायचं.

संध्याकाळी आम्ही तक्रार करायला गेलो. आमच्याशी कुणी उद्धटपणे बोललं नाही, उलट एका अधिकाऱ्याने शांतपणे मतदारयादी उघडून दाखवली. त्या केंद्रावर दिव्यांग अशी खूण असलेले मतदार बोटांवर मोजण्याइतके होते. तेवढ्यांसाठी एक फळी आणि एक व्हीलचेअर त्यांच्या हिशेबाने पुरेशी होती.

माझ्या मते हे सगळं प्रकरण या एका उत्तरात आहे. तक्रारीला उत्तर म्हणून आकडा पुढे केला गेला आणि आमच्याकडे त्याला टक्कर देणारा आकडा नव्हता.

कायदा आमच्या बाजूने होता, तो आम्हाला पाठही होता. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ११ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग या दोघांवरही जबाबदारी टाकली आहे : सर्व मतदान केंद्रं दिव्यांगांना वापरता येतील अशी हवीत आणि निवडणुकीचं साहित्य त्यांना समजेल असं हवं. ‘सर्व’ म्हणजे सर्व. यादीत किती खुणा आहेत, याच्याशी त्या कलमाचा संबंधच नाही. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प ठेवायला सांगितलं होतं. वीस वर्षांत लाकूड मिळालं, लांबी मिळाली नाही. पण कलम दाखवून त्या संध्याकाळी काही झालं नसतं. अधिकाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळायला किती लोक, कोणत्या खोलीत, कशाची अडचण, एवढं हवं असतं.

पैसा की रॅम्प

पुढचं वर्ष पेन्शनच्या चर्चेत गेलं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० रुपये मिळत. जून २०२५ मध्ये बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, त्यात शेतकरी कर्जमाफीसोबत दिव्यांगांना ६००० रुपये द्या ही मागणी होती. सप्टेंबरमध्ये सरकारने १००० ची वाढ करून रक्कम २५०० केली. मग २८ ऑक्टोबरला ट्रॅक्टरांचा मोर्चा नागपूरच्या वेशीवर येऊन थडकला, वर्धा रोड अडला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली आणि दोन दिवसांनी मुंबईत मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली. तिथून कर्जमाफीची तारीख बाहेर आली : ३० जून २०२६.

आमच्या गटात यावरून उभी फूट पडली होती. एक बाजू म्हणायची, अडीच हजारात औषध येत नाही, त्यामुळे पहिली लढाई पैशाचीच. दुसरी बाजू, त्यात ती मुलगी आणि आमचे सर, म्हणायची की पैशासाठी भांडायला मोठी माणसं आहेत, गल्लीतल्या पायरीसाठी कुणीही नाही. सर म्हणजे दृष्टिहीन निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. पेन्शन वाढली की श्रेय घ्यायला एक चेहरा असतो, आकडा असतो, जाहिरात असते. रॅम्पचा उतार १ ला ४ होता तो १ ला १२ झाला, याचं पोस्टर कोण लावणार? म्हणून पेन्शनच्या मागणीला नेता सापडतो आणि उताराच्या मागणीला टेलर. शिवाय दिव्यांगांची मागणी शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरवर बसून आली की बैठकीतून उतरताना ट्रॅक्टर पुढे निघून जातो. हे मी कुणा एका नेत्यावर बोलत नाही, रस्त्यावर बळ ज्याचं त्याचा विषय आधी लागतो, एवढंच.

भांडण मिटलं ते काकूंमुळे. काकूंचा मुलगा सव्वीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. त्यांनी विचारलं, “पण आपण आहो किती? कोणी मोजलं?” कुणी मोजलं नव्हतं.

वही

आपल्या देशात दिव्यांगांना मोजायलासुद्धा आंदोलन करावं लागलं आहे. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता, १९९१ मध्ये तो गायब झाला. १९९५ मध्ये कायदा आला, पण किती लोकांसाठी आला हे सांगायला जनगणना नव्हती. जावेद अबिदी आणि त्यांच्या सोबतच्या दिव्यांग कार्यकर्त्यांनी सरकारच्या मागे लागून २००१ च्या जनगणनेत तो प्रश्न परत आणला. २०११ च्या मोजणीत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग निघाले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना जगभराचं प्रमाण १६ टक्के धरते. व्याख्या वेगळ्या आहेत हे कबूल, पण एवढी मोठी दरी नुसत्या व्याख्येने पडत नाही. दारात आलेल्या प्रगणकाला घरातल्या माणसाबद्दल सांगायचं टाळलं जातं, हे आम्हाला आमच्या गल्लीतच दिसलं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही शंभर पानी वही घेतली. यादी मतदान खोलीप्रमाणे करायची ठरली, गल्लीप्रमाणे नाही, कारण अधिकारी आणि उमेदवार दोघंही बूथच्या भाषेत विचार करतात. पाच रकाने : खोली क्रमांक, अडचण कशाची (चढायची, दिसायची, ऐकायची, समजायची), सोबत कुणी आहे का, यादीत दिव्यांग म्हणून खूण आहे का, नसेल तर का नाही. शेवटचा रकाना सरांनी सुचवला आणि सगळ्यात जास्त माल त्यातच निघाला.

एका घरात मोठ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, म्हणून धाकट्या भावाचं नाव कशातच नको होतं. एका आजोबांना गुडघ्याने दहा पायऱ्या चढवत नव्हत्या, पण “मी काऊन अपंग? वय झालं बाप्पा,” म्हणून ते वहीत यायला तयार नव्हते. मूकबधिर नवरा-बायकोने खुणांनी उलट विचारलं, आम्हाला पायऱ्यांची अडचण नाही, मग खूण करून काय मिळणार? बरोबरच होतं. प्रचाराचा ऑटो भोंगा लावून गल्लीत फिरतो, त्यातलं त्यांना काही पोचत नाही आणि त्यासाठी कुठल्या यादीत खूण करायची सोयही नाही. बऱ्याच जणांना भीती होती ती पडताळणीची. सरकारी नोकरांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी चाललेली पेपरात येत होती, खोट्या प्रमाणपत्रांचं प्रकरण टीव्हीवर गाजून झालं होतं. ज्यांचा नोकरीशी काही संबंध नाही त्यांनाही वाटायचं, यादीत नाव गेलं की कुणीतरी येईल आणि पेन्शन बंद करेल. आणि काही जणांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रच नव्हतं. त्यासाठी मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जायचं तर सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, म्हणून ते राहून गेलेलं.

काकूंच्या मुलाचं नाव मतदारयादीतच नव्हतं. पूर्वी एकदा नोंदणीला आलेल्या माणसाने “त्याला काय समजते” म्हणून फॉर्म दिला नव्हता. कायद्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १६ प्रमाणे एखाद्याला मनोविकल म्हणून वगळायचं तर सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. शेजाऱ्याचं, बीएलओचं (मतदारयादीसाठी दारोदार फिरणाऱ्या कर्मचाऱ्याचं) किंवा आईचं मत तिथे चालत नाही. काकूंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याला सगळं समजते. पोह्यावर तर्री कमी टाकली तर ठेला सोडून दुसरीकडे जाते तो. मत म्हणजे दुसरं काय असते?” आम्ही फॉर्म भरला, पण महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली गेली होती. त्यानंतर आलेली नावं या निवडणुकीत चालणार नव्हती. म्हणजे जानेवारीत त्याचं मत नव्हतंच. त्याच कारणाने, आम्ही नव्याने करायला लावलेल्या दिव्यांगत्वाच्या खुणाही अधिकाऱ्यांच्या हातातल्या यादीत दिसणार नव्हत्या. आमची वही हाच त्या प्रभागातला एकमेव ताजा कागद होता. त्यातली संख्या यादीतल्या खुणांच्या कितीतरी पट भरली.

मोर्च्यात कोण आत जातं

८ डिसेंबरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं. नागपूरकरांना सांगायला नको, त्या आठवड्यात टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, झिरो माइलचा परिसर म्हणजे सगळ्या महाराष्ट्राच्या तक्रारींचा मुक्काम असतो. गटातले सात-आठ जण दिव्यांगांच्या एका मोठ्या मोर्च्यात गेले. घोषणा दणदणीत झाल्या. नेहमीप्रमाणे मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडवला आणि पाच जणांचं शिष्टमंडळ पाठवा असा निरोप आला.

शिष्टमंडळाला न्यायला गाडी आली. पायदान गुडघ्याच्या वर. मग काय, जे चढू शकले ते पाच जण शिष्टमंडळ झाले. चौघांना चालायला काही अडचण नव्हती, त्यातले दोघं तर दिव्यांगही नव्हते, संघटनेचे कार्यकर्ते होते. आमची ती मुलगी, जिने मागण्यांचा मसुदा टाइप केला होता, ती रस्त्यावर थांबली. तासाभराने मंडळी परत आली, निवेदन दिलं, सकारात्मक चर्चा झाली, फोटो झाला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी दिव्यांगांच्या मागण्या कोण मांडणार हे त्या दिवशी एका पायदानाने ठरवलं. जगभरातल्या दिव्यांग चळवळीचं मुख्य म्हणणंच हे आहे की आमच्याविषयी जे ठरवाल ते आमच्याशिवाय ठरवू नका.

त्या दिवसानंतर गटाने मोठ्या मोर्च्यात जाणं सोडलं नाही, पण मंत्र्याला भेटण्यात काही अर्थ आहे यावरचा विश्वास उडाला. आपली मागणी जिथे खालच्या माणसाच्या सहीने सुटते तिथेच न्यायची, असं ठरलं. मला विचाराल तर हा निर्णय अर्धाच बरोबर होता. कायद्यातली ‘सर्व’सारखी अक्षरं दिल्लीत वर्षानुवर्षं मोर्चे काढूनच आली आहेत. पण महिनाभरात निवडणूक असताना दुसरा रस्ताही नव्हता.

नावं वहीत, आकडे पत्रात

१५ डिसेंबरला आचारसंहिता लागली. १५ जानेवारीला मतदान. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होता, जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते, त्यामुळे इच्छुकांचा पूर आलेला. नागपुरात ३८ प्रभाग, १५१ जागा, आमच्या प्रभागात चार. आम्ही दोन वेगळी पत्रं केली. पहिलं निवडणूक अधिकाऱ्यांना : या शाळेत, या खोल्यांत, चढायची अडचण असलेले इतके, न दिसणारे इतके, तेव्हा पहिल्या मजल्यावरची खोली खाली आणा, रॅम्प या मापाचा करा, व्हीलचेअर कुलपाबाहेर ठेवा. दुसरं सगळ्या उमेदवारांना, त्यात दोन मागण्या. महापालिकेने अंदाजपत्रकातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, त्याचा झोननिहाय हिशेब दर तीन महिन्यांनी झोन कार्यालयात फलकावर लावा. आणि स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमल्या जाणाऱ्या सदस्यांमध्ये एक दिव्यांग व्यक्ती घ्या.

दुसऱ्या पत्रावर लगेच माणसं यायला लागली. एका उमेदवाराचा कार्यकर्ता दुकानात येऊन बसला. “भाऊ, लिस्ट द्या नं. नंबरासकट द्या. आमी सगळ्यांले गाडी पाठवतो, चहा-नाश्ता करतो.”

यावर दुकानात जो वाद झाला तो मी तरी विसरणार नाही. टेलरभाऊ द्यायच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, वर्षभर कुणी विचारलं नाही, आता विचारून राहिले तर आपणच दार लावायचं? गाडी आली तर चार म्हाताऱ्यांचं मत पडेल. काकू आणि ती मुलगी साफ विरोधात. वहीत एकट्या राहणाऱ्या बाया होत्या. लग्नाची बोलणी चाललेलं ते घर होतं, त्यांनी आम्हाला विश्वासाने सांगितलं होतं. आणि एकदा यादी पक्षाकडे गेली की पुढच्या पाच वर्षांत सायकल वाटप, कंबल वाटप, वाढदिवस, सगळ्याला तीच यादी वापरणार. माणूस मतदाराचा पुन्हा लाभार्थी होणार. शिवाय लोकसभा-विधानसभेला उमेदवाराने मतदारांना गाड्या पुरवणं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरणात धरलेलं आहे, ते वेगळंच.

शेवटी सरांनी तोडगा काढला. नावं वहीत राहतील, पत्रात फक्त आकडे जातील, खोलीवार. आणि आकड्याखाली एक ओळ वाढवायची : या प्रत्येकाच्या घरात आणखी मतदार आहेत. ही ओळ फार कामाची ठरली. चार सदस्यांच्या प्रभागात आमच्या संख्येने निकाल फिरत नाही, हे उमेदवारालाही कळतं. पण बूथप्रमुखाला आपल्या बूथवरची घरं सांभाळायची असतात. ज्यांनी गाडीची गोष्ट काढली होती त्यांनीच चार दिवसांनी विचारलं, “ते रॅम्पचं काय झालं मग?”

माझ्या मते वही करणं जेवढं महत्त्वाचं होतं, तेवढंच ती न देणं महत्त्वाचं होतं. दिव्यांगांची यादी द्यायला सगळेच तयार असतात, शाळा, दवाखाना, संस्था. ज्याची यादी आहे त्याला विचारायची पद्धत नाही.

चार रंग

निवडणूक अधिकाऱ्यांकडून पत्राला लेखी उत्तर आलं नाही, पण मतदानाच्या आठवडाभर आधी शाळेत पाहणी झाली आणि आम्हाला बोलावणं आलं. टेलरभाऊ टेप घेऊन गेले. मैदानात गेटपर्यंत जागाच तेवढी नव्हती, त्यामुळे १८ फूट सरळ बसेना आणि वळण काढायला वेळ नव्हता. मुरमाचा भराव टाकून, वर सिमेंटचा हात मारून १२ फुटांचा उतार झाला. १ ला ८. कायद्याच्या मापाने नापासच, पण हात धरून चढता येईल असा. पहिल्या मजल्यावरचं बूथ त्याच शाळेत खाली आणलं, खोलीची अदलाबदल केली. कार्यालयीन खोली वर गेली. व्हीलचेअर दाराशी ठेवायचं कबूल झालं आणि ती मतदानाच्या दिवशी खरंच दाराशी होती.

न सुटलेली गोष्ट सरांची. लोकसभा-विधानसभेच्या मशीनवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. सर २०२४ मध्ये ब्रेल नमुना मतपत्रिका हाताळून एकट्याने मत देऊन आले होते. महापालिकेला एकाच मतदाराला चार मतं द्यायची असतात, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. त्या ओळखू याव्यात म्हणून मतपत्रिकांचे रंग वेगळे : पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. डोळस माणसांचाही त्यात गोंधळ होतो, चारही मतं पडल्याशिवाय मोठा बीप वाजत नाही आणि अधिकारी आतून ओरडतात, “अजून एक राहिलं!” सरांसाठी या चार रंगांचा उपयोग काय? जागा कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, हे बोटांना कसं कळणार, हा प्रश्न आम्ही तीन वेळा लिहून विचारला. उत्तर एकच मिळालं : सोबती न्या.

नियमाप्रमाणे सोबती अठरा वर्षांच्या वरचा हवा. सरांची नात नुकतीच अठराची झाली होती. तिच्या कानात चार नावं सांगून त्यांनी चार मतं दिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, जमलं का? म्हणाले, “जमलं. पण मत गुप्त राहिलं नाही, घरगुती झालं.” आजोबांनी कुणाला मत दिलं हे संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि मुलगा दुसऱ्या पक्षाचा.

सोबती देणं ही सोय आहे हे खरं, पण तिच्या आड मतपत्रिका बदलायची जबाबदारी लपते. ब्रेलची एक पट्टी आणि जागा कुठे संपते तिथे एक उंचवटा, इतकंच लागलं असतं. पुढच्या पत्रात आम्ही तेच मागितलं आहे. ते मुंबईला, राज्य निवडणूक आयोगाला गेलं आहे, कारण हे काम खालच्या सहीने होणारं नाही. म्हणजे मोर्च्यावरचा जो विश्वास उडाला होता तो थोडा परत आणावा लागला.

ज्यांना घराबाहेर पडणंच शक्य नव्हतं ते राहिले. २०२४ मध्ये ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना १२-डी फॉर्म भरून घरून मतदान करता आलं होतं. महापालिकेला ती सोय नव्हती. आमच्या वहीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पुढे एकच शेरा आहे : आले नाहीत.

निकालानंतर

१६ जानेवारीला निकाल लागला. कोण निवडून आलं हे या प्रकरणात महत्त्वाचं नाही. प्रचारात पत्र हातात घेऊन फोटो काढलेल्यांपैकी काही जिंकले, काही हरले.

पाच टक्क्यांच्या हिशेबासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तो एका विभागातून दुसऱ्या विभागात हस्तांतरित झाल्याचं पत्र आलं, मग तिसऱ्याचं. फलक लागलेला नाही.

स्वीकृत सदस्याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण राजकीय प्रतिनिधित्वाचा खरा प्रश्न तिथे आहे. महाराष्ट्रात महापालिकेतले स्वीकृत सदस्य ५ होते, २०२३ मध्ये ही मर्यादा निवडून आलेल्यांच्या १० टक्के किंवा १०, यातलं जे कमी असेल ते, अशी झाली. १५१ च्या नागपुरात म्हणजे १०. यात दिव्यांगांसाठी राखीव काही नाही. तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांगांना नामनिर्देशित करायचे कायदे केले. तिथल्या सरकारने दिलेल्या हिशेबाप्रमाणे शहरी संस्थांत ३५ दिव्यांग प्रतिनिधी होते ते ६५० होतील आणि ग्रामपंचायतींत १२,९१३ जण जातील. नियुक्तीने आलेल्या माणसाला निवडून आलेल्याचं वजन नसतं, हा आक्षेप खरा आहे. पण सभागृहात अंदाजपत्रक वाचलं जात असताना पाच टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवणारं कुणी असणं आणि नसणं, यात फरक पडतो. आणि त्या माणसाला आत यायचं आहे म्हटल्यावर सभागृहाच्या दाराचा उंबरठा आधी मोजावा लागतो.

आपल्याकडे स्वीकृत सदस्याचं नाव पक्षांच्या गटनेत्यांच्या शिफारशीने, त्यांच्या संख्याबळाप्रमाणे येतं. अनुभवाची अट आहे, सामाजिक संस्थेचा पदाधिकारी त्यात बसू शकतो. आमची संस्थाच नोंदवलेली नाही, त्यामुळे आमच्यातलं कुणी त्यात बसत नाही. म्हणून गटनेत्यांना दिलेल्या अर्जात आम्ही नाव घातलं नाही, पात्र अशी दिव्यांग व्यक्ती शहरात शोधा आणि घ्या, एवढंच लिहिलं. एकाच ठिकाणाहून उलट फोन आला, “तुमचं कोण आहे ते सांगा.” त्यावर गटात पुन्हा दोन मतं आहेत. टेलरभाऊंना संस्था नोंदवायची आहे. त्या मुलीला नको, कारण संस्था झाली की अध्यक्ष होतो आणि अध्यक्ष झाला की गाडीत चढणारा एक माणूस आपोआप ठरतो. मला स्वतःला नोंदणी व्हावी असं वाटतं, अध्यक्षपद वर्षाला फिरतं ठेवून. या महिन्याच्या बैठकीत तो विषय आहे.

दरम्यान वहीचं काम चालू आहे. काकूंच्या मुलाचं नाव मतदारयादीत घालायचा अर्ज पुढे सरकला आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसं मोजायची फेरी येईल, तेव्हा दारात उत्तर देणारा घरातला कर्ता माणूस असेल, त्याच्याशी आधी बोलून ठेवायचं म्हणून काकू गल्लीतल्या बायांना धरताहेत. ज्या घरात लग्नाची बोलणी होती तिथलं लग्न झालं. धाकट्याचं नाव वहीत घ्या, असं त्यांनीच सांगितलं आहे. मतदारयादीत खूण करायची का, ते अजून ठरलं नाही म्हणे.